न जुळलेले हाड

भोसरीत हार्डवेअरचे दुकान असलेल्या माझ्या एका जुन्या खातेदारांचा नऊ वर्षांचा नातू सायकलवरून पडला. कोपर व मनगट यांमधील दोन्ही हाडे मोडली. प्लास्टर झाले; परंतु दुखणे थांबताच घरच्यांनी ते मुदतीपूर्वी काढवून घेतले व हाडवैद्याकडून हात चोळून घेणे सुरू केले. सहा महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये एका हाडातील फट तशीच होती. “लेकराचं हाड आहे, जुळेल हळूहळू,” असे आजी म्हणत. शस्त्रक्रियेचे नाव काढताच त्यांचे डोळे भरून येत.

आजींचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मुलांच्या हाडांवरील आवरण जाड व रक्ताने समृद्ध असते. अशी हाडे बहुधा ६ ते ८ आठवड्यांत सांधतात. म्हणूनच न सांधलेल्या हाडाचे कारण शोधावे लागते. उघडी जखम, जंतुसंसर्ग, हाड पुरेसे स्थिर न राहणे ही प्रमुख कारणे होत. क्वचित जन्मजात विकारही असतो. अंगावर कॉफीच्या रंगाचे अनेक डाग असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

शस्त्रक्रियेत दोन टोकांमधील निरुपयोगी तंतू काढून, टोके रक्त दिसेपर्यंत ताजी करतात. मग कमरेच्या हाडाचा थोडा भाग तेथे भरून प्लेट व स्क्रूंनी हाड घट्ट बसवितात. संसर्ग असल्यास आधी तो आटोक्यात आणावा लागतो. फट मोठी असल्यास पायाच्या पोटरीतील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह बसविता येते. सायबेरियातील डॉ. इलिझारोव्ह यांच्या पद्धतीत बाहेरून कड्या लावून हाड दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढवितात.

हाताची लांबी व वळण बिघडले, तर तळहात उताणा करणेही अवघड होते. मग ओंजळ कशी धरणार? हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला, तेव्हा आजींनीच होकार दिला. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी हाड जुळले. परवा दुकानात त्या मुलाने तळहात उताणा करून माझ्याकडून पेढा घेतला. आजी पाहतच राहिल्या.

बँकेत मी एक गोष्ट शिकलो: हप्ता चुकला की त्याच महिन्यात चौकशी करावी, थकबाकी आपोआप फिटत नाही. मोडलेल्या हाडाचेही तसेच आहे. प्लास्टर कधी काढायचे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे, आणि ठरल्या तारखेचा एक्स-रे दुकानाच्या गर्दीपायी पुढे ढकलू नये.