मुलीची फाइल आजच तयार करा

म्हसवड, दहिवडी, आटपाडी या भागातल्या आई-वडिलांना, त्यातही आईला, मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. तुमची मुलगी दहावी-बारावीला असेल, गणितात बरी असेल, वहीच्या मागच्या पानावर सारखं काहीतरी आखत बसत असेल, तर तिला इंजिनिअरिंगला किंवा डिझाइनला पाठवायचा विचार निकालापर्यंत लांबवू नका. निकाल लागला की धावपळ सुरू होते, आणि धावपळीत घरात जो निर्णय होतो तो बहुतेक वेळा मुलीच्याच विरुद्ध जातो.

मी तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं शिकवलं. पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब असतो. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानशीनं घासून सपाट करायचा, मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. एका वर्षी माणदेशातल्या लहान गावातली एक मुलगी वर्गात आली. पहिला आठवडाभर कुणाशी बोलली नाही. हाताला घाम सुटायचा, कानशीची मूठ निसटायची, तळव्याला फोड आले. दुसऱ्या आठवड्यात पाहिलं तर तिनं मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळून दोऱ्यानं बांधली होती. कुठं शिकलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाजरी कापताना आई विळ्याला बांधते, सर." तिच्याआधी कितीतरी बॅच त्याच कानशी घासून गेल्या होत्या. फोड सगळ्यांनाच आले होते. मूठ बदलायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

डिझाइन हा शब्द ऐकला की आपल्याला फॅशनचे कपडे आठवतात. वापरणाऱ्याच्या हाताला कुठं टोचतं ते ओळखायचं आणि वस्तू त्याप्रमाणे बदलायची, हे डिझाइनचं खरं काम. म्हसवडच्या बायकांना ते कुणी वेगळं शिकवायला नको. मुंबईहून लग्न होऊन इथं आलेल्या चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना बरोबर घेऊन बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका घरी येऊन रडत बसल्या नाहीत. अक्षरं गिरवायला बसल्या, काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढं याच बायकांनी बँकेला सांगितलं की पासबुक घरात ठेवलं की नवऱ्याच्या हाती लागतं आणि साठवलेले पैसे जातात, तेव्हा आम्हाला कार्ड द्या. बँक चालवायची तर गिऱ्हाइकाची अडचण कुठं आहे हे असं नेमकं कळावं लागतं. या बायकांच्या घरातली मुलगी डिझाइनला गेली तर ती कोऱ्या पाटीनं जाणार नाही.

आता दुसरी बाजूही बघा. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या. महाराष्ट्रातल्या त्या पहिल्या. पुढं पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर त्यांनी सुट्या भागांतून जोडायचे पोलादी पूल तयार केले. त्यातला पहिला १९७२ साली हिमाचलात, स्पितीत उभा राहिला. बाई हुशार होत्याच, पण त्यांचे वडील एस. बी. जोशी हेही पूल बांधणारे नावाजलेले इंजिनिअर होते. कोणता फॉर्म, कधी भरायचा, कुणाला विचारायचं, हे त्या घरात माहीत होतं. आपल्या मुलींना अडतं ते इथं. डोकं असतं, घरात माहितगार माणूस नसतं.

म्हणून थोडी माहिती देतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, आणि त्यानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावी सायन्सनंतर डिग्रीसाठी सीईटी आहे. कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचं वालचंद ही आपल्या जवळची चांगली कॉलेजं. डिझाइनसाठी यूसीड नावाची परीक्षा असते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात त्यातून प्रवेश मिळतो, आणि ती बारावीच्या कुठल्याही शाखेची मुलगी देऊ शकते, कला शाखेचीसुद्धा. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या शाळांतून सांगितली जाते.

पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनानं आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. पण नीट ऐका. ही माफी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या जागेलाच मिळते. एजंट "सीट करून देतो" म्हणून मॅनेजमेंट कोट्यात घालेल, तर माफी गेली. आयआयटीला राज्याची ही योजना लागू नाही. मेस आणि राहण्याचा खर्चही यात येत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. एआयसीटीईच्या प्रगती शिष्यवृत्तीत निवड झाली तर वर्षाला ५० हजार मिळतात. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते.

हे सगळं कागदांवर अडतं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी. पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ती अकरावीतच सुरू करा. एका मुलीचा दाखला प्रवेशाच्या तारखेनंतर आला आणि तिचं वर्ष गेलं, हे मी पाहिलं आहे. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. दाखला अजून त्याच पिशवीत असेल.

राहिली भीती, मुलीला एकटीला बाहेर कसं ठेवायचं. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर घराबाहेर पडली, म्हणून २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. कॉलेज ठरवण्याआधी एक दिवस काढा, वसतिगृह स्वतः बघून या, रेक्टरबाईंशी बोला, स्वच्छतागृहं बघा, रात्री गेट किती वाजता बंद होतं ते विचारा. तिथं शिकणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या मुलीला गाठा, ती तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगेल.

आणि दहिवडीला तहसील कचेरीत दाखल्यासाठी जाल तेव्हा मुलीला सोबत न्या. खिडकीशी तिलाच उभं करा, अर्ज तिलाच भरू द्या. तुम्ही मागं बाकावर बसा.