संगणकाला गाव सांगा

उज्जैनहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घर मराठी, पण पिढ्यान्पिढ्या माळव्यात रुजलेले. मुलगा नोकरीनिमित्त टोकियोला असतो. त्याचा जुना लॅपटॉप आता आईकडे आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, तेव्हा भाच्याने त्यावर फेडोरा नावाचे लिनक्स घालून दिले. दर रविवारी दुपारी साडेचारला या आजी लॅपटॉपसमोर बसतात. तिकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. दोन्ही नातवंडांना त्या मराठी वाचायला शिकवतात. नातवंडांच्या कानावर घरची भाषा पडते ती एवढा एक तास.

अडचण अशी की चित्र मध्येच थबकते आणि आवाज तुटतो. मोबाइलवर घरच्या वाय-फायची दोन नावे दिसतात, लॅपटॉपवर मात्र एकच. दुसरे, वेगवान नाव तिथे उमटतच नाही. दुरुस्तीवाल्याने निदान केले, "कार्ड गेले, आता नवाच घ्या." आजी विचारतात, खरेच नवा घ्यावा लागेल का?

वाचकहो, पाकिटाला हात घालण्यापूर्वी थोडे थांबावे. वाय-फाय म्हणजे रेडिओच. बहुतेक घरांत तो दोन पट्ट्यांवर चालतो. पहिला २.४ गिगाहर्ट्झचा. तो भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भट्टी, सगळे याच गल्लीत. एकमेकांत न मिसळणारी चॅनले तिथे जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. तिथे जागा ऐसपैस आणि वेगही जास्त, पण जाड भिंतीपुढे तो लवकर दमतो. आजींच्या लॅपटॉपला दिसत नाही तो हा दुसरा पट्टा.

आता निदान क्रमाने करू. पहिला प्रश्न, कार्डाला हा पट्टा मुळात येतो का? लिनक्समध्ये टर्मिनल उघडावे. इंग्रजीत लहान अक्षरांत आय, डब्ल्यू, मग एक जागा सोडून एल, आय, एस, टी अशी अक्षरे टंकावी आणि एंटर दाबावे. लांबलचक यादी येते, तिला घाबरू नये. त्यात फक्त 'बँड १' असेल, तर कार्ड एकपट्टी आहे. मग कितीही खटपट केली तरी दुसरा पट्टा येणार नाही. पण तेव्हाही लॅपटॉप टाकण्याचे कारण नाही. यूएसबीला लावायचे दोन पट्ट्यांचे छोटे अ‍ॅडाप्टर मिळते. घेताना त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

यादीत 'बँड २' दिसला, तर कार्डाला पट्टा कळतो. मग त्याखालील चॅनलांपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. आजींच्या भाच्याने मोबाइलवर पाहून कळवले आहे की राउटर ५ गिगाहर्ट्झमध्ये १४९ क्रमांकाच्या चॅनलवर आहे. लॅपटॉपच्या यादीत १४९ पुढे 'डिसेबल्ड' असा शब्द असेल, तर कार्ड गेलेले नाही. त्याला कोणीतरी मनाई केली आहे.

ही मनाई कुठून आली? रेडिओलहरींवर प्रत्येक देशाचे आपले नियम असतात. भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. त्यात १४९ चे चॅनलही येते. जपानमध्ये मात्र त्या भागात वाय-फायला परवानगी नाही. तिथे ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपास महामार्गावरचा टोल वाहन न थांबवता वसूल होतो. लिनक्समध्ये देशोदेशीच्या अशा नियमांची वहीच ठेवलेली असते. आपण कुठल्या देशात आहोत असे संगणकाला वाटते, त्या देशाचे पान तो उघडतो आणि मुकाट्याने पाळतो.

आणि आजींच्या पत्रातली एक ओळ इथे कामाला येते. "नातवंडांची वेळ कळावी म्हणून लॅपटॉपचे घड्याळ टोकियोचेच ठेवले आहे." फेडोरा घड्याळाच्या विभागावरून देश ओळखते. बिचाऱ्या यंत्राने घड्याळ पाहिले आणि स्वतःला जपानात समजून १४९ चे दार लावून घेतले. मोबाइल जवळच्या टॉवरवरून देश ओळखतो, म्हणून तिथे दोन्ही नावे दिसतात.

उज्जैनच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली आणि माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करवलेली वेधशाळा तिथे आहे. तिच्यातील सम्राट यंत्राची तिरपी भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २३ अंश कललेली आहे. तेच यंत्र जसेच्या तसे दुसऱ्या अक्षांशावर नेले, तर वेळ चुकेल. दोष दगडाचा नसेल, गाव बदलल्याचा असेल.

तेव्हा उपाय असा. घड्याळाचा विभाग भारताचा करावा आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. नातवंडांची वेळ हवीच, तर जागतिक घड्याळात टोकियो वेगळे जोडता येते. मग टर्मिनलमध्ये आय-डब्ल्यू, आर-ई-जी, जी-ई-टी असे तीन शब्द जागा सोडून लिहावे. 'कंट्री' पुढे आय-एन आले की यंत्र भारतात पोहोचले. शून्य-शून्य आले, तर त्याला देश ठाऊक नाही, म्हणून ते सर्वत्र चालतील असे सावध नियम पाळत आहे.

काही कार्डांमध्ये देश कारखान्यातच कोरलेला असतो, तो असा बदलत नाही. मग हट्ट लॅपटॉपशी न करता राउटरशी करावा. त्याच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचे चॅनल ३६, ४०, ४४ किंवा ४८ करावे. ही चार घरात वापरायला भारतातही चालतात आणि जपानमध्येही.

एक पथ्य मात्र पाळावे. जास्त ताकद मिळेल म्हणून भलत्याच देशाचे नाव सांगण्याचा सल्ला कोणी देते. तो ऐकू नये. याच पट्ट्यात हवामानाची काही रडारे काम करतात आणि नियम त्यांच्यासाठीही आहेत.

एवढे करूनही चित्र थबकले, तर राउटर असलेल्याच खोलीत बसावे किंवा सरळ केबल जोडावी. केबलला ना पट्टा लागतो, ना देश.

आजी, यातले पहिले काम पाच मिनिटांचे आणि बिनपैशाचे आहे. येत्या रविवारी साडेचारच्या आत करून पाहा. नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले, तर त्यातून मराठी गोष्टींची पुस्तके टोकियोला धाडा. वर्ग सुटल्यावर नातवंडांच्या हाती काहीतरी राहायला हवे.