खळ लावा, वही भरा!

तुमच्या कपाटात ती नक्की असणार. जाड, खरखरीत पानांची, कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली, वरून सुतळी गुंडाळलेली वही. कुणीतरी बर्थडेला दिलेली, नाहीतर एखाद्या प्रदर्शनात ‘वॉव, हँडमेड!’ म्हणत उचललेली. आता खरं सांगा, लिहिलंय का तिच्यात काही? माझ्या एका मैत्रिणीकडे अशा पाच वह्या आहेत. पाचही कोऱ्या! ऑफिसात ही बाई मोठमोठी बजेटं एक्सेल शीटमध्ये बिनधास्त मांडते, पण या वहीचं पहिलं पान उघडलं की हात थांबतो. ‘खराब झालं तर? एवढा सुंदर कागद!’

आर्ट जर्नलिंगची हवा सध्या जोरात आहे. म्हणजे रोजनिशीच, फक्त नुसती लिहायची नाही. रंग, कात्रणं, कापडाचे तुकडे, दोरे, शिक्के, बसची तिकिटं, सगळं एका पानावर आणायचं. मिक्स्ड मीडिया म्हणतात ते हेच. आयडिया झकास आहे, पण तिचा बाजार बघितला की चक्कर येते. जेसो वेगळा, टेक्स्चर पेस्ट वेगळी, वाशी टेपचे रोल वेगळे. आणि जुनाट दिसणारी तिकिटं चक्क नवी छापून पाकिटात विकायला! (यावर एक वेगळा कॉलम होईल.)

तर मंडळी, या सगळ्यावर माझा उतारा आहे वर्धा.

हो, वर्धाच! नागपूरहून ट्रेनने तास-सव्वा तासावर. बापूकुटी बघायची, फोटो काढायचे आणि परतायचं, एवढीच आपली या गावाशी ओळख. पण हातकागदाच्या गोष्टीत वर्ध्याचा मोठा रोल आहे. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला आणि त्याचं ऑफिस थाटलं ते वर्ध्याच्या मगनवाडीत, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत. कारभार होता जे. सी. कुमारप्पांकडे. हे गृहस्थ लंडनला शिकलेले अकाउंटंट, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र केलेले. आजच्या भाषेत एकदम हाय-प्रोफाइल सीव्ही! तो बाजूला ठेवून हा माणूस वर्ध्यात तेलघाणी, गूळ, मधमाश्या आणि कागद यांचे हिशोब मांडत बसला.

कागदच का? कारण हातकागदाचा धंदा तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. आपल्याकडे तो काही नवा नव्हता. दौलताबादजवळचं कागजीपुरा, जुन्नर, पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा ही सगळी कागद करणाऱ्यांची ठिकाणं. पेशवाईतली दफ्तरं लिहिली गेली ती असल्याच कागदावर. मग गिरणीचा कागद आला, स्वस्त आणि गुळगुळीत, आणि कागदी कुटुंबांच्या हातचं काम गेलं. मगनवाडीला ते परत आणायचं होतं. के. बी. जोशी यांचं कागद करण्यावरचं इंग्रजी पुस्तक याच संघाने वर्ध्यातून काढलं. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली, ती या जोशींच्या खटपटीतून. तिथल्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे.

आता गंमत बघा. या लोकांनी हातकागद जपून वगैरे अजिबात ठेवला नाही, सरळ वापरला! संघाची पुस्तकं आणि पत्रिका हातकागदावर छापली जायची. साधा, रोजच्या कामाचा कागद. गांधीजी तर आलेली पाकिटं उलगडून आतल्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहायचे. सोमवारी त्यांचं मौन असायचं, तेव्हा बोलणं चिठ्ठ्या-चिटोऱ्यांवर व्हायचं. आपण ज्याला स्क्रॅप म्हणून पाकिटात विकत घेतो ना, तेच! आणि जर्नलिंगचे खरे बादशहा म्हणाल तर महादेवभाई देसाई. १९१७ पासून १९४२ मध्ये जाईपर्यंत त्यांनी डायरी ठेवली. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला (पुढचं सेवाग्राम) राहायला गेले, तेव्हा महादेवभाई मगनवाडीतून तिथे पायी ये-जा करायचे, वर्ध्याच्या उन्हात. आणि वर लिखाण. आपल्याला साधं मूड नाही म्हणून पान सुटतं.

हातकागद महाग का, हाही प्रश्न येतोच. तर बघा, चांगला हातकागद सुती चिंध्यांचा असतो. होजियरीची कात्रणं, जुनं सुती कापड. लाकडाचा तुकडा नाही. कापूस म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज आणि धागा लांब, म्हणून हा कागद घडी सोसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. चिंध्या निवडायच्या, बारीक कापायच्या, पाण्यात कुटून लगदा करायचा. पूर्वी हे काम ढेकीवर चालायचं, आता बीटर आहे. मग लगद्याच्या हौदात जाळीची चौकट बुडवून अलगद उचलायची. पाणी गळतं आणि जाळीवर एक पातळ ओला थर उरतो, तोच कागद. तो कापडावर उलटवायचा, थप्पी स्क्रू प्रेसमध्ये दाबायची, एकेक शीट वाळवायचं, खळ द्यायची, घोटून गुळगुळीत करायचं. किती हातांतून गेलं ते मोजा. हौदावर उभा असलेला माणूस दिवसभर ओल्यात असतो. त्याची मजुरी त्या किमतीत असते आणि तुम्ही दुसरी वही घेतलीत तरच ती पुढे चालते. पहिलीच कोरी राहिली तर दुसरी कशाला घ्याल? म्हणून मला त्या पाच वह्या बघून वाईट वाटतं. सुंदर आहेत म्हणून जपल्या, पण त्या माणसाला त्याचा काय उपयोग?

एक टोचणारी गोष्ट सांगते. देशातल्या हातकागदाच्या राष्ट्रीय संस्थेला कुमारप्पांचं नाव आहे, पण ती आहे जयपूरजवळ सांगानेरला. ऑनलाइन मागवलेली ‘हँडमेड डायरी’ बऱ्याचदा तिकडून येते. सांगानेरचे कागदी कारागीर जुने आणि मोठे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकापासून बाजारात आहे. कापसाच्या गावातली पोरं वही मागवतात राजस्थानातून! मगनवाडीत गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेलं मगन संग्रहालय आजही आहे. शेजारी ग्रामीण उद्योगांची संशोधन संस्थाही आहे, एमगिरी. वर्ध्याला गेलात तर सेवाग्रामइतकाच वेळ इथे द्या.

माझी मावशी वर्ध्याचीच. मागच्या खेपेला तिच्याकडे जर्नलचा पसारा मांडून बसले होते. ती चहा घेऊन आली.

“काय करून राहिली वं? ही कोणती चिकटपट्टी?”

“वाशी टेप गं मावशी. जपानी असते.”

“केवढ्याची?”

“दोनशेची.”

“दोनशे! अन् घट्ट बसते का?”

“नाही, पाहिजे तेव्हा निघते. तीच तर खासियत आहे.”

“म्हणजे दोनशे रुपये देऊन चिकटत बी नाही! थांब बाप्पा, खळ करून देते.”

आणि दहा मिनिटांत वाटीभर खळ समोर. रेसिपी घ्या. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा. त्यात कपभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरेपणा जाऊन जेलीसारखी चमक आली की गॅस बंद. आकाशकंदील आणि पतंग चिकटवायचो तीच ही. कागदावर कापड, कापडावर दोरा, सगळं हिने बसतं आणि पान प्लॅस्टिकसारखं ताठ होत नाही. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. बुक बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे. स्वयंपाकघरात तो उद्योग नको, ताजी खळ करा.

खळीचा दुसरा उपयोग त्याहून मोठा. हातकागदावर शाई पसरते, ही सगळ्यांची तक्रार. कारण अशा कागदाला खळ दिलेली नसते किंवा कमी दिलेली असते. ओळखायचं कसं? कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. लगेच शोषला गेला तर कागद तहानलेला आहे, पेन चालणार नाही. थेंब वर बसून राहिला तर बिनधास्त लिहा. तहानलेल्या पानाला पाण्यासारखी पातळ केलेली खळ रुंद ब्रशने दोन्ही बाजूंनी द्या, वाळू द्या, वजनाखाली ठेवा. मग वॉटरकलरही नीट बसतो. जेसो हवाच असेल तर खडूची भुकटी, फेविकॉल आणि थोडं पाणी. झाला देशी जेसो!

रंगांसाठी तर दुकानात जायचीही गरज नाही. शेतातली काळी माती फडक्यातून गाळा, डिंकाच्या पाण्यात कालवा. करडा-तपकिरी असा वॉश मिळतो की बस्स! बाभळीचा डिंक हा वॉटरकलरमधल्या गम अरेबिकचाच भाऊबंद. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा खाली पडलेली फुलं गोळा करा आणि उकळा, पिवळा-केशरी रंग तयार. हळदीच्या पानावर धुण्याच्या सोड्याचं पाणी शिंपडा, जिथे थेंब पडेल तिथे लाल! कुंकवामागची केमिस्ट्री हीच. फक्त हळद उजेडात उडते, त्यामुळे ती बंद वहीत ठीक, फ्रेममध्ये नको. हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे टाकून ठेवलेत तर काळी शाई होते.

हे सगळं ‘गावठी’ वाटत असेल तर नंदलाल बोस यांचं नाव लक्षात ठेवा. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी चारशेच्या आसपास पोस्टर्स केली. हातकागद आणि मातीचे रंग. ढोलकवाला, शिंपी, पिंजारी असली रोजची माणसं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावीत म्हणून ती मंडपात लावली होती. आज ती राष्ट्रीय ठेवा आहेत. त्यांचेच विद्यार्थी देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि नई तालीमच्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं राहिले. मुलांच्या चित्रांवर आणि शिक्षणावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

राहिला घरच्या घरी कागद. वीकएण्डला होतो. चिंध्या मात्र नकोत, मिक्सरला कापड कुटता येत नाही, त्याला बीटरच लागतो. रद्दी घ्या. ऑफिसातले प्रिंटआउट्स उत्तम, चकचकीत मासिकं नकोत (आमचं हे धरून!). बारीक फाडून रात्रभर भिजवा, मूठभर तुकडे आणि भरपूर पाणी असं मिक्सरमध्ये फिरवा. भरतकामाच्या रिंगला मच्छरदाणीची जाळी ताणून लावा, टबातल्या लगद्यात बुडवा, सरळ उचला, पाणी गळू द्या. जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर उलटवा, वरून दुसरा तुकडा, त्यावर पाट आणि पाटावर जड डबे. दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवा. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, दोऱ्याचे तुकडे, चहापत्ती काहीही टाका. पान थोडं वेडंवाकडं होणारच, होऊ दे.

आणि उरलेला लगदा सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो! जाळीतून गाळा, मुठीत दाबून लाडूसारखा गोळा करा, उन्हात वाळवून डब्यात टाका. पुढच्या वेळी भिजत घातला की परत लगदा तयार.