रेडिएटर घेताना नुसता भाव पाहू नका

कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावला निघालेला जुना ट्रॅक्टर वाटेतच वाफा सोडत उभा राहिला, की मग रेडिएटरची आठवण होते. घाईत मिळेल तो बसवला जातो. शेतकरी बंधूंनो, तसे करू नका.

आधी फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट तपासा. दोष तिथेही असतो. मग रेडिएटर खोलून दाखवा. जुन्या ट्रॅक्टर-जीपचा रेडिएटर बहुधा तांब्या-पितळेचा. थोडी गळती असेल तर डाग देऊन, आतला क्षार काढून तो पुन्हा चालतो. जाळीच सडली असेल तर मात्र नवा घ्या. अॅल्युमिनियमचा हलका असतो, थंडही चांगला करतो. पण त्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तडा गेला तर गावच्या कारागिराला डाग देता येत नाही. ऐन हंगामात खोळंबा परवडेल का, ते तुम्हीच ठरवा.

दुकानात जुना नग सोबत न्या. नळ्यांच्या रांगा, होजची तोंडे, झाकणाचा दाब जुळवा. ३ रांगांच्या जागी २ रांगांचा स्वस्तात मिळेल, पण नांगरटीत इंजिन तापेल. बसवल्यावर बोअरचे जड पाणी भरू नका, कूलंट वापरा.

ग्रामपंचायतीच्या टँकरच्या ट्रॅक्टरलाही हेच लागू. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दरपत्रक मागवताना ‘रेडिएटर, एक नग’ एवढेच लिहू नये; धातू, रांगा, माप लिहावे. नाहीतर सर्वांत कमी दराचा माल गळ्यात पडतो आणि ऐन उन्हाळ्यात वस्तीवरचे हंडे रिकामे राहतात. चार पैसे वाचवून हेड गॅस्केट जाळायचे, ही कसली काटकसर?