शुल्क, प्रतीक्षा आणि नागरिकत्व

अमेरिकेच्या अध्यक्षांनी सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले, तेव्हा बेंगळूरुमध्ये संतापाची लाट उसळली. ती रास्तच होती. या व्हिसाधारकांत भारतीय बहुसंख्य आहेत. त्याच देशात नागरिकत्वाच्या अर्जाचे शुल्क २००७ साली एका फटक्यात ३३० डॉलरवरून ५९५ डॉलरवर गेले होते. ब्रिटनमध्ये बालकाच्या नागरिकत्व-नोंदणीसाठी १,०१२ पौंड आकारले जात, तेव्हा तिचा प्रशासकीय खर्च ३७२ पौंड होता. संसदेने तसा अधिकार दिला आहे, असे सांगून तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही आकारणी वैध ठरवली. या अन्यायाविषयी आपण पोटतिडकीने बोलतो. मात्र आपल्या दाराशी उभ्या असलेल्या अर्जदाराला आपले राज्य कसे वागवते, हे आपण क्वचितच पाहतो.

हा प्रश्न बेंगळूरुच्या चिकपेटमध्ये अधिक स्पष्ट दिसतो. केंपेगौडांनी वसवलेली आणि १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेली ही पेठ स्थलांतरितांनीच घडवली. येथे राजस्थानी कापडव्यापारी आहेत, भावसार कुटुंबे आहेत. लगतच्या नगरथपेटेत सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून आलेले मराठी गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करतात. त्यांपैकी कोणालाही येथे स्थायिक होण्यासाठी शुल्क भरावे लागले नाही की मंजुरीची वाट पाहावी लागली नाही. देशात कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने त्यांना दिला आहे. माझ्या मते, या बाजाराच्या भरभराटीचा पाया भांडवलाइतकाच या निर्धास्तपणातही आहे.

सिंधमधून नागपूरच्या जरीपटक्यात आलेल्या कुटुंबाला हा निर्धास्तपणा लाभत नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर त्याचे वर्षानुवर्षे नूतनीकरण चालते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार देशीयकरणासाठी सर्वसाधारणपणे बारा वर्षांचे वास्तव्य लागते. अर्जापूर्वीचे सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा. त्यानंतर अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे जातो. मधल्या काळात जन्मलेल्या मुलांचे काय? ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्म होणे नागरिकत्वास पुरेसे नाही. आईवडील दोघेही परदेशी असतील, तर येथे जन्मून येथेच शिकलेले मूलही परदेशीच ठरते.

ही प्रतीक्षा सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील सहा अल्पसंख्याक समुदायांच्या अर्जांवर निर्णय घेण्याचा अधिकार सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिला. त्यात मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर होते. कर्नाटकातील एकही जिल्हा नव्हता. म्हणजे समान स्थितीतील दोन कुटुंबांसाठी वाट किती लांब, हे त्यांच्या पत्त्यावर ठरले. २०१९ च्या दुरुस्तीने याच समुदायांतील, २०१४ अखेरपर्यंत आलेल्यांसाठी अकरा वर्षांची अट पाच वर्षांवर आणली. पण तिचे नियम निघाले मार्च २०२४ मध्ये. श्रीलंकेतून आलेले तमिळ निर्वासित त्या दुरुस्तीबाहेरच राहिले. मैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथे तिबेटींची मोठी वसाहत आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने जन्मतः नागरिक आहेत. तरीही तो हक्क मान्य करवून घेण्यासाठी त्यांच्यापैकी काहींना दिल्ली आणि कर्नाटकच्या उच्च न्यायालयांत जावे लागले.

नागरिकत्व कोणाला द्यावे हा सार्वभौम राज्याचा अधिकार आहे आणि सुरक्षेची छाननी टाळता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु छाननी आणि टोलवाटोलवी या भिन्न गोष्टी आहेत. नाकारायचेच असेल तर ते वेळेत आणि कारणे देऊन नाकारावे. आज कायद्याचे कलम १४ अधिकाऱ्याला कारणे देण्याच्या बंधनातून मुक्त करते. ज्याला कारण कळत नाही, त्याने तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज कोणत्या आधारावर करायचा?

सुधारणा अवघड नाहीत. अंतिम निर्णयाला कायदेशीर मुदत हवी आणि तिचे पालन सर्व जिल्ह्यांत व सर्व धर्मीयांसाठी सारखेच व्हावे. नकाराची लेखी कारणे बंधनकारक असावीत. शुल्क प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक नसावे. जिल्हावार प्रलंबित अर्ज आणि निर्णयास लागलेला सरासरी काळ दरवर्षी संसदेपुढे ठेवावा.

वॉशिंग्टनकडून न्याय्य शुल्क आणि वेळेत निर्णय मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तीच मागणी नागपूर आणि बैलकुप्पे येथून आल्यास आपले उत्तर काय, यावर त्या मागणीचे नैतिक वजन ठरेल.