स्थैर्य कोणाचे?

अर्थव्यवस्थेतील चढउतार सौम्य करणे हे शासनाचे कर्तव्य होय, हा धडा १९२९ च्या महामंदीने जगाला शिकविला. मंदीत शासनाने खर्च वाढवावा, बेफाम तेजीला आवर घालावा, असे हे तत्त्व. परंतु ते अमलात येताना चढ कोणाचा छाटला जातो आणि उतार कोणाच्या माथी मारला जातो? याचे उत्तर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील कापूस उत्पादकाला पुरते ठाऊक आहे.

एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने कापूस निर्यातीची नोंदणी थांबविली. ५ मार्च २०१२ रोजी थेट निर्यातबंदी आली. ओरड झाल्यावर ती सैल करावी लागली. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि एप्रिलमध्येच ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर तेजीही नव्हती. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले, कापड निर्यातदारांना दिलासा हवा होता. म्हणून आयातशुल्क पुन्हा माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे खानदेशातील वेचणीच्या ऐन हंगामात. धक्का वॉशिंग्टनहून आला, गिरणीला तो बसू नये म्हणून शेताकडे वळविला गेला. यालाच स्थिरीकरण म्हणावयाचे काय?

भाव पडतात तेव्हा मात्र ही तत्परता दिसत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. पण बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस सरकारी केंद्रावर नाकारला जातो आणि पहिल्या वेचणीचा कापूस बहुधा ओलाच असतो. दिवाळी तोंडावर, रब्बीची पेरणी डोक्यावर, वेचणीची मजुरी रोख द्यावयाची. मग तो कापूस खेडा खरेदीत व्यापारी देईल त्या भावाने जातो. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, तर तालुक्याच्या बाजारातही उलाढाल नाही. पुढल्या हंगामात कापसाचा पेरा घटतो, जिनिंगचे काम आटते आणि मजूर उसतोडीची किंवा सुरतेची वाट धरतो. चढउतार नाहीसा झालेला नसतो; तो केवळ मालकाकडून मजुराकडे सरकलेला असतो.

महाराष्ट्राने एकेकाळी वेगळा मार्ग चोखाळला होता. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. तेजीतील नफ्याचा भाग चढउतार निधीत टाकावा आणि मंदीत त्यातून भाव सावरावा, ही त्यामागील कल्पना निर्दोष होती. व्यवहार तसा राहिला नाही. चुकारे रखडले, कापूस चोरवाटांनी शेजारच्या राज्यांत गेला, भाव हिशेब न पाहता राजकीय सोयीने ठरू लागले. निधी आटला, तोटा फुगला आणि नव्या शतकाच्या आरंभी एकाधिकार संपला. योजना बुडाली ती तत्त्वामुळे नव्हे. तत्त्व न पाळल्यामुळे.

त्याच १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर बसला, २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. शहरातील पगारदाराच्या करातून कोरड्या गावातील मजुराला काम, असा तो न्याय होता. तिचे मर्म असे की, पाऊस हुकला की कामाची मागणी वाढते, तिच्यासोबत खर्च वाढतो. शेत हिरवे झाले की तो आपोआप ओसरतो. मंत्र्याच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

शासनाचा हात नेहमी उशिरा पोहोचतो, म्हणून त्याने हातच घालू नये, असा युक्तिवाद बाजाराचे भक्त करतात. तो फसवा आहे. उशीर मर्जीमुळे होतो. त्यावरचा उपाय मर्जीच्या जागी हक्क आणणे हा आहे. पेरणीपासून वेचणी संपेपर्यंत आयातशुल्कात बदल नको. पहिल्या वेचणीलाच खरेदी केंद्रे उघडावीत, तेथे कापूस वाळविण्याची सोय असावी. तेजीत भरला जाणारा निधी कायद्याने सुरक्षित असावा.

या मागण्या कापूस घरात आल्यावर करून भागणार नाही. कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच ग्रामसभांतून त्यांचे ठराव करून घेतले पाहिजेत. त्यांत शेतकऱ्याइतकाच वेचणी करणाऱ्या मजूर स्त्रीचा आवाज असला पाहिजे. कारण भाव कोसळला की पहिली कपात तिच्याच मजुरीत होते.