गावचे नाटक आणि घरचा वाटा

इ. स. १८४३ च्या नोव्हेंबर महिन्यात, ५ तारखेस, सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिले. तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. दरवर्षी या सुमारास वृत्तपत्रांत लेख येतात, सभा होतात, तसबिरींस हार घातले जातात. आणि बहुतेक सुशिक्षित घरांचे रंगभूमीशी असलेले नाते तेवढ्यावरच संपते. यंदा मात्र हा विषय आमच्या दारी निराळ्या रूपाने येऊन उभा राहिला. सबब या वेळचे पान त्यालाच दिले आहे.

गेल्या पंधरवड्यात आमचा पुतण्या आपल्या चार मित्रांस घेऊन ओसरीवर येऊन बसला. त्यांपैकी कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, एक कृषिकेंद्र चालविणारा. येत्या हिवाळ्यात मारेगावी चार नाटकांचा हंगाम करावयाचा, असा त्यांचा बेत. आरंभी झाडीपट्टीतील एखादी मंडळी बोलवावयाची; मग गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आणि एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' ही दोन नाटके गावच्याच माणसांनी बसवावयाची; आणि शक्य झाल्यास शेवटी 'तेरवं' या नाटकाचा प्रयोग आणावयाचा. आमच्याकडे त्यांनी तीन गोष्टी मागितल्या : वर्गणी, सल्ला आणि 'वाडा चिरेबंदी'तील प्रभेच्या कामासाठी आमची पुतणी. पहिल्या दोन गोष्टी आम्ही तेथल्या तेथे देऊन टाकल्या. तिसरीवर मात्र घरात चार दिवस बोलणे चालले. ते बोलणे केवळ आमच्या घरचे नाही, असे वाटल्यावरून वाचकांपुढे ठेवीत आहो.

पहिला आक्षेप झाडीच्या नाटकावर निघाला. "ते रात्रभर चालणारे, लावण्यांचे नाटक आपल्या गावी कशाला?" असे आमच्या वडील बंधूंनी विचारले. आमच्या मते हा प्रश्न अपुऱ्या माहितीतून आला आहे. वर्धा नदी ओलांडून पूर्वेस गेले म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील धानाचा व जंगलाचा जो मुलूख लागतो, तो झाडीपट्टी होय. तेथील दंडारीसारख्या लोककलेच्या अंगणात हे नाटक वाढले. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली, की त्याचा हंगाम सुरू होतो आणि शिमग्याच्या सुमारास संपतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे त्याचे पेठेचे ठिकाण. तेथे नाटक मंडळ्या आपल्या कचेऱ्या उघडून बसतात आणि गावोगावचे लोक तेथे जाऊन, रक्कम ठरवून, आपल्या गावासाठी नाटक बांधून आणतात. मांडव गावकरी घालतात, तिकिटे गावकरी खपवितात, नफानुकसान गावकऱ्यांच्या माथी. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरेधायरे मुक्कामास राहतात आणि रात्री सारे घर नाटकास जाऊन बसते. याच रंगभूमीवर हयात घालविलेले परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली.

यात काही नाच-गाणी भडक असतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नाटकगृह नाही, सरकारी अनुदानाची वाट पाहणे नाही, आणि तरीही खेड्यातील माणूस पदरचे पैसे मोडून नाटक पाहतो, ही गोष्ट आमच्यासारख्या पुस्तके बाळगणाऱ्या घरांनी शिकण्याजोगी आहे. नाटक कसे असावे हे आम्ही सांगू शकू. ते गावात उभे कसे करावे हे झाडीतील माणसास विचारले पाहिजे. म्हणून पहिला खेळ त्यांचा असावा, हे मुलांचे म्हणणे आम्हांस पटले.

एक दुरुस्ती मात्र आम्ही सुचविली. झाडीचा हंगाम दिवाळीपासून सुरू होतो, कारण तेथे त्या सुमारास धान हाती आलेले असते. आपला मुलूख कापसाचा. सीतादही होऊन वेचणी सुरू झाली, की बायामाणसे दिवसभर वावरात असतात. रात्री दहा वाजता नाटकास बसण्याचे त्राण कोणात उरते? पैसाही कापूस विकला गेल्यावर दिसतो. उलंगवाडी होईपर्यंत थांबावे, तर दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर येतात आणि निम्मी घरे दारे लावून बसतात. यास्तव संक्रांतीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे चार शनिवार धरावे. झाडीची मंडळी आपल्या रिवाजाने रात्री उशिरा आरंभ करील. गावच्या नाटकांची घंटा मात्र सायंकाळी सातास व्हावी, म्हणजे दहाच्या आत म्हातारी माणसे व मुले घरी परततील. हंगाम पंचांगावरून ठरवावयाचा नसतो, पिकावरून ठरवावयाचा असतो.

'एकच प्याला'विषयी घरात वाद झाला नाही. उलट ते फार जुने झाले, असे तरुणांपैकीच एकाचे मत पडले. राम गणेश गडकरी हे २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरनजीक सावनेर येथे वारले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. शंभरांवर वर्षे होऊन गेली, हे खरे. पण विषय जुना झाला काय? शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ साली उठली. दोन्ही वेळा किती सभा झाल्या, किती स्त्रिया रस्त्यावर आल्या, हे आपण पाहिले. सुधाकर हा गावंढळ गुंड नव्हे, शिकलेला वकील आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे ते नाटक कोणत्या घरांसाठी लिहिले आहे, ते निराळे सांगावे लागत नाही. शिवाय लेखकाच्या मृत्यूस साठ वर्षे उलटल्यावर त्याच्या कृतीवरील स्वामित्वहक्क संपतो. तेव्हा या नाटकासाठी मानधन द्यावे लागणार नाही. पदे म्हणणारा कोणी नसेल तर त्यांतली चार ठेवून बाकीची गाळावी. अर्धवट गाण्याने शोकरसाचे हसे होते.

आता मुख्य विषय. महेश एलकुंचवार हे आपल्याच जिल्ह्यातील पारवा गावचे. त्यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' लिहून त्यांनी त्या वाड्याची कथा पुरी केली. धरणगावकर देशपांड्यांचे ते घर. कर्ते वडील वारले आहेत, मुंबईचा मुलगा बायकोसह आला आहे आणि तेराव्याचा खर्च भागवावा कसा यावरून भावाभावांत आडपडदा सुरू झाला आहे. वडील बंधूंचा दुसरा आक्षेप येथे होता. "आपल्यासारख्या घरांची उणीदुणी आपणच चव्हाट्यावर मांडावयाची काय?"

आम्ही त्यांस इतकेच म्हटले, की दादा, ती उणीदुणी गावास ठाऊक नाहीत असे केवळ आपल्यालाच वाटते. वाटणी, दागिने, शेत कोणी पाहावे आणि शहरात कोणी राहावे, हे प्रश्न एकत्र कुटुंबात कोणी उच्चारीत नाही, म्हणून ते मिटलेले नसतात. त्या नाटकात कोणी खलपुरुष नाही. प्रत्येकाची बाजू कळते, आणि सर्वांच्या बाजू कळूनही घर खचते, हेच त्याचे दुःख. ज्या जिल्ह्यात असे नाटक लिहिणारा जन्मला, त्या जिल्ह्याच्या तालुक्याच्या गावी ते निदान एकदा पाहावयास मिळावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. लेखकाची लेखी परवानगी व त्यांचे मानधन यांची व्यवस्था मात्र तालमीच्या आधी झाली पाहिजे, हे आम्ही मुलांस बजावून सांगितले.

राहिला प्रश्न पुतणीचा. प्रभा ही त्या घरातील अविवाहित मुलगी. तिला पुढे शिकावयाचे होते, ते घराने होऊ दिले नाही आणि तेच शल्य ती आयुष्यभर उराशी बाळगून आहे. आमच्या पुतणीचे म्हणणे असे, की काका, मला हे काम कळते. तिच्या आईस काळजी तालमीहून रात्री परतण्याची. वडील बंधूंस काळजी लोक काय म्हणतील याची. पहिली काळजी रास्त आहे, आणि तिच्यावर उपायही आहेत : तालीम सायंकाळी व्हावी, घरच्या ओसरीवरच व्हावी आणि येणाऱ्या प्रत्येकास चहा मिळावा. दुसरी काळजी फार जुनी आहे. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले, त्यात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या कुलीन स्त्रीने काम केले. तेव्हाही लोक बोललेच होते. ते बोलणारे कोण होते, हे आज कोणास सांगता येत नाही. ज्योत्स्नाबाईंचे नाव मात्र राहिले.

येथे 'तेरवं' या चौथ्या नाटकाची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या व हरीश इथापे यांनी बसविलेल्या या नाटकात कास्तकारांच्या विधवांनीच कामे केली. ज्यांच्या घरचा कर्ता पुरुष कर्जापायी आत्महत्या करून गेला, त्या बायांनी रंगमंचावर उभे राहून आपली हकीकत सांगितली. त्यांपैकी वैशाली येडे या आपल्या जिल्ह्यातील बाईच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. विचार करावा : एका नाटकात तेराव्याचा खर्च कोणी करावा यावर घर अडते, दुसऱ्याचे नावच तेराव्यावरून पडले आहे, आणि त्यात तेरावा उरकल्यावर जगावे कसे, हा प्रश्न आहे. वाडा आणि झोपडी यांत एका गावाचे अंतर. गावास एका महिन्यात दोन्ही दिसली, तर त्या हंगामाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. आणि ज्या बाईने एवढे सोसले, ती चारचौघांत उभी राहू शकते. मग आमच्या घरच्या मुलीस चार भिंतींआड बसविण्यास कोणते कारण सांगावे, ते आम्हांस सुचेना.

पैशाविषयी थोडे. मुलांचा हिशेब कच्चा होता; ती खेळाच्या दिवशी तिकिटे विकावयास निघाली होती. आम्ही सांगितले, की पेरणी झाल्यावर बियाणे घेत नाहीत. समजा, गावातील दोनशे घरांनी हंगामापूर्वी प्रत्येकी ५०० रुपये दिले, तर १ लाख रुपये हाती येतात. एका घरच्या चौघांनी चारही नाटके पाहिली, तर माणशी एका खेळाचे साधारण एकतीस रुपये पडतात. इतक्यात हल्ली हॉटेलात धड फराळही होत नाही. या रकमेत कोणत्या नाटकास किती, मांडव-दिव्यांस किती, हे आधी लिहून काढावे आणि हंगाम संपताच जमाखर्च गावात फळ्यावर लावावा. पहिल्या वर्षी नफा उरला नाही तरी चालेल. हिशेब मात्र उरला पाहिजे, म्हणजे दुसरे वर्ष येते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वडील बंधू होकार-नकार काही न देता झोपाळ्यावर बसले होते. आमच्या आत्याबाई, वय वर्षे ब्याऐंशी, आतापर्यंत या प्रकरणात एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी ट्रंक उघडविली, दोन जुनी लुगडी काढून पुतणीपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "नाटकातल्या म्हातारीला ही नेसवा. पण नेसवायला मला बोलवा. आजकालच्या पोरींना पदर घेता येत नाही." वडील बंधू हसले. त्यांचा होकार आम्ही तोच समजलो.

प्रत्येक घराने नट द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. कोणी ओसरी द्यावी, कोणी लुगडे द्यावे, कोणी वर्गणी आधी द्यावी, आणि सर्वांनी चारही दिवस वेळेवर येऊन बसावे. आमच्या वाचकांच्या गावीही अशी चार मुले ओसरीवर येतील. त्यांस शाबासकी देऊन निरोप देणे फार सोपे आहे. त्यापेक्षा, "आमच्याकडून काय पाहिजे?" एवढे विचारावे. उत्तर ऐकून घरात चार दिवस बोलणे चालले, तरी ते चालू द्यावे.